गिरणी, तत्त्वज्ञान आणि अमळनेर

कापडगिरण्यांचा इतिहास म्हणजे मुंबईचा इतिहास, हे समीकरण मराठी लेखनात इतके दृढ झाले आहे की ते समीकरण आहे याची जाणीवही सहसा उरत नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी कंपनी स्थापन केली तेथे कथेचा आरंभ, आणि १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपाशी तिचा शेवट. मधल्या काळात गिरणगाव, चाळी, भजनी मंडळे, कामगार रंगभूमी, लाल बावटा. मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही कादंबरी १९३३ साली आली ती मुंबईच्या गिरणीची. नारायण सुर्वे यांची कविता मुंबईच्या गिरणगावात वाढली. जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ साली रंगभूमीवर आले तेही गिरणगावातील एका खोलीचे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांकडून ऐकून सिद्ध केलेला मौखिक इतिहास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे मोल निर्विवाद आहे, पण क्षेत्र तेच आहे. इंग्रजीतील अभ्यास पाहावे तर राजनारायण चंदावरकरांचा मुंबईवर, चित्रा जोशी यांचा कानपूरवर, यान ब्रेमन यांचा अहमदाबादवर. हे सर्व मोठ्या शहरांचे अभ्यास आहेत.

परंतु गिरणी ही केवळ शहरात नव्हती. जळगावला मूळजी जेठा यांची गिरणी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातच उभी राहिली होती. हिंगणघाट, पुलगाव, अचलपूर, बार्शी, चाळीसगाव, धुळे, अमळनेर अशा तालुक्याच्या किंवा फार तर जिल्ह्याच्या गावांत भोंगा वाजत असे आणि त्या भोंग्यावर केवळ कामगारांचे नव्हे, साऱ्या गावाचे घड्याळ चाले. अशा गावांतील गिरणीच्या आवाराचा इतिहास कोणी लिहिलाच तर तो स्मरणिकेत, संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात किंवा दात्याच्या गौरवग्रंथात लिहिला जातो. त्याची रीत ठरलेली असते. प्रारंभी शेटजींचे छायाचित्र, मग त्यांच्या दानशूरतेचे वर्णन, मग शाळा, दवाखाना, धर्मशाळा, मंदिर. गिरणी त्यात असते, पण ती दानाचा उगम म्हणून. नदीच्या माहात्म्यात डोंगराचा उल्लेख यावा तशी.

अमळनेरचे उदाहरण या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे आहे. कारण त्या गावात गिरणीच्या पैशातून जे उभे राहिले ते केवळ शाळा-दवाखान्यावर थांबले नाही. तेथे तत्त्वज्ञानाची एक अखिल भारतीय संस्था निर्माण झाली, आणि ज्या काळात भारतीय विद्यापीठांतील तत्त्वज्ञान-विभाग बहुतांशी इंग्रज ग्रंथकारांच्या टिपणांवर जगत होते त्या काळात तिने स्वतंत्र चिंतनाचा आग्रह धरला. गिरणी आणि वेदान्त एका गावात, एका नावाखाली, एका तिजोरीच्या आधारावर नांदले. याला तुलना शोधू जाता हिंदुस्थानात तरी सहजासहजी सापडत नाही.

अमळनेर हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, तापीला मिळणाऱ्या बोरी नदीच्या काठी वसलेले. गिरणीपूर्वीही त्याला ओळख होती ती संत सखाराम महाराजांच्या वाडीमुळे आणि वैशाखातील यात्रेमुळे. खानदेशची काळी जमीन कापसाची. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, मुंबईच्या बाजारात भाव चढले आणि खानदेश, वऱ्हाड या प्रांतांतील शेतकरी जगाच्या बाजारपेठेशी कायमचा बांधला गेला. युद्ध संपताच भाव कोसळले, पण बांधलेली गाठ सुटली नाही. पुढे एकोणिसावे शतक संपता संपता तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी रेल्वे अमळनेरपर्यंत पोचली. एका अंगाला सुरत व दुसऱ्या अंगाला जळगावमार्गे मुंबई-नागपूरचा लोहमार्ग, सभोवती कापूस, पाण्यास नदी आणि आसपासच्या खेड्यांत वर्षातील काही महिने रिकामे राहणारे हात. गिरणीला आणखी काय हवे असते? जिन व प्रेस यांच्यापुरता मर्यादित राहिलेला उद्योग सूत काढण्याकडे व कापड विणण्याकडे वळणे स्वाभाविकच होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, स्वदेशीच्या चळवळीने देशी कापडास अनुकूल वारा वाहत असताना, मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रताप शेटजी यांची प्रताप मिल उभी राहिली. खानदेशच्या कापसाचा धागा आखूड. त्यातून निघणारे सूत जाडेभरडे. मँचेस्टरच्या तलम मालाशी त्याची स्पर्धा नव्हती. खेड्यातील माणूस जे धोतर व जे लुगडे रोज नेसतो त्याची ती बाजारपेठ होती.

१९१६ साली शेटजींनी तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. अद्वैत वेदान्ताचा अभ्यास हे त्याचे मुख्य उद्दिष्ट. निवडक अभ्यासकांना निवास व विद्यावेतन देऊन निश्चिंतपणे चिंतन करू द्यावे, ही कल्पना मठाच्या परंपरेतील होती तशीच ती त्या काळी युरोपात रूढ असलेल्या अधिछात्रवृत्तीच्याही जवळची होती. घनश्यामदास रतनमल मलकानी यांनी दीर्घकाळ या संस्थेची धुरा वाहिली. 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक अमळनेरहून निघे आणि देशातील तत्त्वज्ञांचे वाद त्यात रंगत. रासबिहारी दास, धीरेंद्रमोहन दत्त, टी. आर. व्ही. मूर्ती यांसारखे अभ्यासक तेथे राहून गेले. १९३३ ते १९३५ या काळात तर कृष्णचंद्र भट्टाचार्य हे तेथे संचालक होते. विसाव्या शतकातील भारतीय तत्त्वचिंतकांत ज्यांचे नाव पहिल्या दोघा-तिघांत घ्यावे लागते असा हा पुरुष. मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून 'अज्ञान' या नावाचा ग्रंथ लिहिला. तो १९३३ साली लंडनच्या लुझॅक या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. अविद्येचे स्वरूप काय, तिचा आश्रय कोण, ती भावरूप की अभावरूप, या प्रश्नांवर एकाच आवारात राहणाऱ्या तिघा विद्वानांनी परस्परांशी मतभेद राखून केलेली ही चर्चा आजही वाचनीय आहे.

ही सारी हकीकत गौरवाची आहे आणि ती गौरवाने सांगितली जाते, यात गैर काही नाही. प्रश्न निराळा आहे. अविद्येच्या आश्रयाची ही मीमांसा चालू असताना तिच्या खर्चाचा आश्रय काय होता, हा प्रश्न त्या आवारात कधी विचारला गेला काय?

हा प्रश्न उपरोधाने विचारणे सोपे आहे, आणि तसा तो पुष्कळदा विचारलाही जातो. कामगारांच्या घामावर वेदान्त पोसला, असे एक वाक्य टाकले की टीकाकाराचे काम संपते. पण एवढ्याने इतिहास हाती लागत नाही. वरकड संपत्तीवाचून कोठलीच विद्या उभी राहिलेली नाही. अग्रहारांतील शास्त्री, नालंदेचे भिक्षू आणि ऑक्सफर्डचे अध्यापक या सर्वांच्या मागे कोणाची तरी शेते राबत होतीच. उलट, प्रताप शेटजींनी दिलेला पैसा एका अर्थाने विरळाच होता. त्यापासून गिरणीचा कसलाही लाभ नव्हता. विणकामाची शाळा काढली असती तर कुशल हात मिळाले असते. वेदान्ताच्या चर्चेने एक चातीही अधिक फिरली नसती. निरपेक्ष चिंतनासाठी निरपेक्ष दान, हे आजच्या काळात, जेव्हा प्रत्येक संशोधनाला त्याचा उपयोग विचारला जातो, तेव्हा तर अधिकच विरळ झाले आहे. याची नोंद न करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तरीही काहीतरी खटकते, आणि ते काय हे स्कॉटलंडमधील एका गिरणीगावाशी तुलना केली असता स्पष्ट होते. क्लाइड नदीच्या काठी डेव्हिड डेल यांनी १७८५-८६ च्या सुमारास न्यू लॅनार्कच्या गिरण्या उभारल्या. १८०० साली त्यांचा कारभार डेल यांचे जामात रॉबर्ट ओवेन यांच्याकडे आला. ओवेन यांनी दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे बंद केले, कामाचे तास कमी केले, रास्त भावाचे दुकान काढले आणि १८१६ च्या पहिल्या दिवशी 'शीलसंवर्धन संस्था' या नावाने शाळा व सभागृह उघडले. ओवेन यांना संत ठरविण्याचे कारण नाही. प्रत्येक कामगाराच्या जागेपाशी चार रंगांचा एक लाकडी ठोकळा टांगून आदल्या दिवशीच्या वर्तनानुसार त्याचा रंग फिरविण्याची त्यांची पद्धत वाचली की दयेच्या मागे पाळत कशी उभी असते ते कळते. तेथे येणारा कापूसही पुष्कळसा गुलामांच्या हातांनी वेचलेला होता. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. ओवेन यांनी गिरणीलाच आपल्या विचाराचा विषय केले. मनुष्याचे शील परिस्थितीने घडते, हा त्यांचा सिद्धान्त बरोबर की चूक हा वाद वेगळा. तो सिद्धान्त गिरणीच्या जमिनीतून उगवला आणि १८१३ पासून प्रसिद्ध झालेल्या 'समाजाविषयी नवी दृष्टी' या निबंधांतून जगभर गेला. मार्क्स आणि एंगल्स यांनी त्याची दखल घेतली ती म्हणूनच.

अमळनेरला विचार आणि गिरणी शेजारी शेजारी राहिली, पण त्यांची भेट झाली नाही. तत्त्वज्ञान मंदिरात जे लिहिले गेले त्यात श्रम हा विषय आढळत नाही. यंत्र नाही, वेतन नाही, भूक नाही. हा व्यक्तींचा दोष म्हणता येणार नाही. विद्येची जी कल्पना त्या पिढीने स्वीकारली होती तिच्यात या गोष्टींना जागाच नव्हती. पारमार्थिक आणि व्यावहारिक अशी सत्तेची विभागणी एकदा मान्य केली की भोंगा व्यवहारात वाजतो, परमार्थापर्यंत पोचत नाही.

येथे भाषेचा मुद्दा येतो. मराठीच्या आणि एकूणच भारतीय भाषांच्या अभ्यासकांना तो सर्वांत जवळचा वाटावा. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचे 'विचारांतील स्वराज्य' हे व्याख्यान त्यांच्या पश्चात, १९५४ साली विश्वभारतीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाले. राजकीय दास्य डोळ्यांना दिसते, विचारांचे दास्य दिसत नाही म्हणून ते अधिक भयंकर, असा त्याचा आशय. परक्या भाषेत घेतलेले विचार आपल्या भाषेत आणून पाहिल्याखेरीज ते आपले होत नाहीत, हा आग्रह त्यात आहे. असे म्हणणारा तत्त्वज्ञ ज्या गावी दोन वर्षे राहिला त्या गावात गिरणीच्या फाटकातून आत जाणारी माणसे अहिराणी बोलत होती. जमाखर्चाच्या वहीची भाषा एक, यंत्राच्या सुट्या भागांची भाषा दुसरी, शाळेतील मराठी तिसरी आणि तत्त्वज्ञान मंदिरातील इंग्रजी चौथी. स्वराज्याचा विचार आणि ते जेथे यावयाचे ती भाषा यांच्यामध्ये एका गावातील दोन-चार रस्त्यांचे अंतर होते; ते ओलांडले गेले नाही.

याच काळात, अमळनेरपासून फार दूर नसलेल्या धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ साली विनोबा भावे राजबंद्यांपुढे गीतेवर मराठीत बोलत होते आणि ती प्रवचने एक तरुण शिक्षक उतरून घेत होता. तो शिक्षक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. एक वर्षाच्या अंतराने खानदेशात वेदान्तावरचे दोन ग्रंथ सिद्ध होत होते: एक 'अज्ञान', जो लंडनला छापला गेला आणि विद्वानांनी वाचला, दुसरा 'गीताप्रवचने', जो देशातील बहुतेक भाषांत गेला. कोणता श्रेष्ठ, ही तुलना येथे अप्रस्तुत आहे. पहिल्यातील तर्काची धार दुसऱ्यात नाही, आणि दुसऱ्याची तशी प्रतिज्ञाही नाही. परंतु भारतीय भाषांतील विचाराचा इतिहास लिहिणाऱ्याला हे दोन ग्रंथ एका पानावर मांडावे लागतील, हे मात्र खरे.

साने गुरुजी हे या साऱ्या कथेतील जोडणारे सूत्र आहेत. ते अमळनेरला प्रथम आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. तेथे ते रमले नाहीत. १९२४ साली ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांसाठी हस्तलिखित दैनिक आणि 'विद्यार्थी' हे मासिक त्यांनी चालविले. १९३० साली नोकरी सोडून ते कायदेभंगात गेले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढले आणि त्या वर्षांत खानदेशातील शेतकरी व गिरणीकामगार हे त्यांच्या कार्याचे केंद्र झाले. मराठी वाचकांना गुरुजी माहीत आहेत ते मातृप्रेमाचे कथाकार म्हणून. तत्त्वज्ञान मंदिराच्या खोलीतून शाळेत, शाळेतून तुरुंगात आणि तुरुंगातून कामगारांच्या सभेत, असा जो त्यांचा प्रवास झाला त्याचे सर्व मुक्काम अमळनेरच्या गिरणीशी या ना त्या नात्याने बांधलेले आहेत, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. गिरणीच्या पैशावर चाललेल्या शाळेचा शिक्षक गिरणीच्या कामगारांकडे गेला. अमळनेरच्या इतिहासातील हा सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग आहे आणि तो कोणत्याही स्मरणिकेत मावत नाही, कारण त्यात दाता आणि दानाचे फळ एकमेकांसमोर उभे ठाकतात.

१९४६ साली अमळनेरला कामगारांवर पोलिसांचा गोळीबार झाला. त्या वर्षी सारा देशच पेटलेला होता; मुंबईत नाविकांचे बंड, टपाल खात्याचा संप, जागोजागी कामगारांचे लढे. प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आलेले होते आणि स्वराज्य अगदी उंबरठ्यावर होते. याच वर्षी मुंबई प्रांताने औद्योगिक संबंधांचा नवा कायदा केला. कोणती संघटना कामगारांची खरी प्रतिनिधी हे सरकारी नोंदीने ठरवण्याची त्यात तरतूद होती. मोठ्या शहरातील गोळीबाराची इतिहासात नोंद होते. तालुक्याच्या गावातील गोळीबार स्थानिक आठवणीत राहतो आणि आठवणीची पिढी गेली की संपतो. अमळनेरचा गोळीबार संपूर्ण विस्मरणात गेला नाही याचे श्रेय कोणत्याही इतिहासकाराला नाही; ते शाहिराला आहे. अण्णाभाऊ साठे यांनी 'अमळनेरचे अमर हुतात्मे' हा पोवाडा रचला. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले होते. त्या पथकाच्या फडावर अमळनेर हे नाव महाराष्ट्रभर ऐकू गेले.

म्हणजे एकाच गिरणीने दोन वाङ्मये जन्माला घातली. एक इंग्रजी, सूक्ष्म, टीपांसहित छापलेले, ग्रंथालयात बंदिस्त केलेले. दुसरे मराठी, डफावर गायिलेले, बरेचसे तोंडी पसरलेले. दोघांनाही अमळनेरचे नाव आहे. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. तौलनिक साहित्याचा अभ्यास दोन देशांतील, दोन भाषांतील ग्रंथांची सांगड घालतो आणि त्यासाठी पॅरिस, बर्लिनपर्यंत जातो. एका गावातील एका भिंतीच्या दोन बाजूंस निर्माण झालेल्या या दोन वाङ्मयांची तुलना करावी असे मात्र अद्याप वाटलेले दिसत नाही.

१९५२ साली अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते भाषाशास्त्रज्ञ कृ. पां. कुलकर्णी. त्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली आणि खानदेशच्या बोलीत किती सामर्थ्य आहे हे मराठी जगाला प्रथमच उमगले. पण ते सामर्थ्य शेताचे, घराचे, जात्याचे होते. त्या बोलीत साच्यावरचे, रातपाळीचे, हजेरी मांडणाऱ्या मुकादमाचे गाणे होते की नव्हते, हे शोधण्यास त्या उत्साहाच्या काळातही कोणी गेले नाही. भालचंद्र नेमाडे यांच्यासारखा समर्थ कादंबरीकार खानदेशाने दिला; त्यांच्या लेखनातही केंद्रस्थानी आहे ते शेतीचे खेडे. पुन्हा २०२४ च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावे संमेलन अमळनेरलाच झाले, अध्यक्ष रवींद्र शोभणे. त्याच दिवसांत त्याच गावी विद्रोही साहित्य संमेलनही भरले. एकाच गावात दोन मांडव पडले. या गावाला ते नवे नव्हते.

पुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखीच आहे, कारण ती सर्वत्र सारखी आहे. जुनी यंत्रे, नफा मुरवून टाकण्याऐवजी बाहेर नेण्याची वृत्ती, कृत्रिम धागा, आणि मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांची स्वस्त मजुरी यांपुढे संमिश्र गिरण्या टिकेनात. १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. धुळ्याची न्यू प्रताप आणि चाळीसगावची लक्ष्मीनारायण या खानदेशातील दोन गिरण्या त्यात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने संमिश्र गिरण्यांना दिलेले उरलेसुरले संरक्षणही काढून घेतले. अमळनेरची गिरणीही बंद पडली. जळगावच्या जुन्या गिरणीच्या जागी तर आता व्यापारी संकुल आहे. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींवर जो वाद झाला, मोर्चे निघाले, न्यायालयापर्यंत प्रकरणे गेली, तसे लहान गावात काही झाले नाही. तेथे जमिनीचा भाव तेवढा नव्हता, आणि बंद गिरणीसमोर उभे राहण्यास वार्ताहर नव्हते.

याच गावात १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली, हे येथे नमूद केले पाहिजे. शेंगदाण्याचे तेल काढणारी ही कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणकक्षेत्रात गेली आणि तिचे भाग ज्या गावकऱ्यांनी जवळ ठेवले होते त्यांच्या भाग्योदयाच्या कथा वृत्तपत्रांतून वारंवार छापून येतात. अमळनेरचे नाव आज देशाला माहीत आहे ते बहुधा याच कारणाने. भागधारकाची आठवण छापली जाते, कारण तिला बाजारभाव आहे. तीस वर्षे साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या आठवणीस तो नाही.

म्हणून गिरणीच्या इतिहासाची मागणी ही केवळ हळव्या स्मरणाची मागणी समजू नये. या इतिहासाची साधने नाशवंत आहेत आणि नाश वेगाने चालला आहे. न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ साली बंद झाल्या. १९७४ साली तेथे न्यास स्थापन झाला. २००१ साली ते गाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. इमारती वाचल्या त्याबरोबर गिरणीची कागदपत्रेही वाचली, आणि म्हणून आज तेथील कामगारांविषयी नेमकेपणाने काही बोलता येते. आपल्याकडे गिरणी बंद पडली की प्रथम यंत्रे भंगारात जातात, मग छपराचे पत्रे, मग लाकूड, आणि शेवटी ज्यांना कोणी विचारत नाही अशी हजेरीपत्रके, पगारवह्या, दंडाची रजिस्टरे, अपघाताच्या नोंदी रद्दीत जातात. वास्तविक इतिहास या रजिस्टरांतच आहे. कामगार कोणत्या खेड्यातून येई, पेरणीच्या व वेचणीच्या दिवसांत किती माणसे गैरहजर राहत, कोणत्या जातीची माणसे कोणत्या खात्यात होती आणि मागखात्यात कोणाला प्रवेश नव्हता, स्त्रिया कोणत्या साली कामावरून कमी झाल्या, १९११, १९२२, १९३४ आणि १९४८ या सालांच्या फॅक्टरी कायद्यांनी कामाचे तास कागदावर कमी केले ते प्रत्यक्षात केव्हा कमी झाले. या प्रश्नांची उत्तरे शेटजींच्या चरित्रात मिळणार नाहीत. मुंबईच्या गिरण्यांतील सूतखात्यात दलितांना काम मिळे आणि मागखात्यात मात्र मिळत नसे, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, ही गोष्ट आता सर्वज्ञात आहे. अद्वैताच्या संस्थेला पोसणाऱ्या गिरणीत काय होते, हे जाणून घेण्याचा अधिकार तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही आहे. किंबहुना त्यालाच तो सर्वांत अधिक आहे.

यावर असे म्हटले जाईल की हे काम अर्थशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या विभागाचे. भाषाविभागांनी त्यात का पडावे? हा आक्षेप ऐकण्यास बरा वाटतो, पण टिकणारा नाही. गिरणीने प्रत्येक भारतीय भाषेला एक स्वतंत्र शब्दसंग्रह दिला. भोंगा, पाळी, बदली, खाते, साचा, धोटा, बाबीन, जॉबर, मस्टर हे शब्द मुंबईत आहेत, पण अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडी त्यांची रूपे कोणती झाली, कोणत्या शब्दांना गावाने आपले प्रतिशब्द दिले, शेतीच्या कोणत्या संज्ञा यंत्राला लावल्या गेल्या, हे कोणत्याही कोशात नाही. अशीच स्थिती तमिळ, कन्नड व गुजराती प्रदेशांतील लहान गिरणीगावांची असावी. तुतिकोरीनच्या कोरल मिलमध्ये १९०८ साली व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळे यांच्या नेतृत्वाखाली झालेला संप राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात नोंदला गेला आहे. त्या संपातील भाषणांची तमिळ आणि अमळनेरच्या पोवाड्याची मराठी समोरासमोर ठेवून पाहणे हे कोणत्याही अर्थशास्त्र विभागाला सुचणार नाही. ज्या केंद्रीय विद्यापीठांत देशातील सर्व भाषा एका छपराखाली शिकविल्या जातात तेथेच ते होऊ शकते, आणि तेथेही ते आजवर झालेले नाही. त्याचे कारणही उघड आहे. अशा विभागांत मराठीचा विद्यार्थी संतकाव्य, पंडिती काव्य आणि साठोत्तरी कविता शिकून बाहेर पडतो. पोवाडा त्याला शिवकालापुरता माहीत असतो.

१९७३ पासून अमळनेरच्या केंद्राच्या सहकार्याने पुणे विद्यापीठातून 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघू लागले आणि पुढे काही वर्षांनी सुरेंद्र बारलिंगे यांच्या पुढाकाराने 'परामर्श' हे मराठी त्रैमासिक आले. प्रताप शेटजींच्या देणगीने निर्माण झालेली विद्या अशा रीतीने, जवळजवळ साठ वर्षांनी, मराठीत आली. त्या त्रैमासिकाच्या अंकांतून श्रम, विषमता, न्याय हे विषय तत्त्वज्ञानाचे विषय म्हणून मराठीत चर्चिले गेले. भट्टाचार्यांना अपेक्षित असलेले अंतर अंशतः का होईना कापले गेले. उरलेले अंतर कापायचे तर त्यासाठी लागणारी माणसे अजून आहेत: साच्यावर उमेदवारी करून लागलेला आणि गिरणी बंद पडली तेव्हा पन्नाशीत असलेला कामगार आज नव्वदीकडे झुकला आहे. त्याची साक्ष त्याच्या बोलीत, तो ज्या शब्दांत सांगेल त्या शब्दांत, ध्वनिमुद्रित करून घेण्यास एका विद्यार्थ्याची एक उन्हाळी सुटी आणि एक साधे यंत्र एवढे पुरेसे आहे.